मोजलेलं मंदिर, नसलेलं मंदिर: एका अभ्यासवर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चचा समाज. मिशनच्या काळापासूनची, चार-पाच पिढ्यांची. रविवारच्या उपासनेला चर्च भरतं; शुक्रवारी संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला मात्र वीसेक माणसं, आणि तीसुद्धा ठरलेली. वर्ग निवृत्त शिक्षिका घेतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. आसपासच्या काही मंडळ्यांच्या अभ्यासवर्गांना वाचन ठरवून द्यायला मी मदत करतो, म्हणून बाईंनी मला बोलावलं आणि पुढचं बरंचसं मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संबंधितांनी लिहायला हरकत घेतलेली नाही.

वर्ग प्रकटीकरण वाचत होता. हे बायबलचं शेवटचं पुस्तक, त्यात योहान आपल्याला झालेली दर्शनं सांगतो. त्याआधी उन्हाळ्यात गावात संजीवन सभा झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या प्रचारकांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला होता: आधी ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य, त्यात यरुशलेमेत यहेज्केल संदेष्ट्यानं दर्शनात पाहिलेलं मंदिर आणि त्यातली अर्पणं, मग शेवटचा न्याय, मग नवी यरुशलेम ही नगरी. बाणांनी जोडलेला, रंगीत, लक्षात राहणारा. बऱ्याच जणांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो फोटो हातात घेऊनच वर्ग एकविसाव्या अध्यायापाशी पोचला.

अडचण

त्या संध्याकाळी तीन माणसांनी तीन प्रश्न विचारले. तिन्ही वेगळ्या जातीचे होते, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. माझ्या मते या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

पहिला प्रश्न निवृत्त भूकरमापकांचा. उभा जन्म जमिनीच्या मोजणीत गेला, वर्गात त्यांना मोजणीसाहेबच म्हणतात. प्रकटीकरण २१:२२ वाचून झालं. योहान म्हणतो, नगरीत मला मंदिर दिसलं नाही, कारण सर्वसमर्थ प्रभू देव आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हेच तिचं मंदिर. मोजणीसाहेब म्हणाले, "बाई, मग यहेज्केलनं नऊ अध्याय खर्चून मोजलेलं मंदिर गेलं कुठं? भिंतीची जाडी लिहिलीय, दारांची रुंदी लिहिलीय. इतकं मोजमाप कुणी उगाच करत नाही."

दुसरा प्रश्न पॉलिटेक्निकला असलेल्या एका मुलाचा. त्याला मंदिराशी देणंघेणं नव्हतं. त्यानं यादीच काढली. जखऱ्या संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमेला तट नसणार. प्रकटीकरणात मोठा उंच तट. यहेज्केल ४७ मध्ये मंदिरातून निघालेलं पाणी खाऱ्या समुद्राला गोडं करतं, काठावर कोळी जाळी वाळत घालतात. प्रकटीकरणात समुद्र उरतच नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ६५:२० मध्ये शंभर वर्षांचा होऊन मेला तर तो तरुण मेला म्हणायचं. प्रकटीकरण २१:४ मध्ये मरणच नाही. "साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत तर कोर्ट काय करतं?" असं विचारून तो खाली बसला.

तिसरा प्रश्न एका मावशींचा. त्यांचे यजमान त्याच वर्षी गेले होते आणि अंत्यविधीला पाळकसाहेबांनी २१:४ च वाचलं होतं. मावशींनी मुलाची यादी ऐकली आणि सरळ विचारलं, "मरण राहणार नाही असं साहेबांनी वाचलं. मग हे शंभर वर्षांनंतरचं मरण कुठलं?"

वर्ग तिथंच फुटला. काही जणांनी फोनवरचा तक्ता पुढे केला. काही म्हणाले, हे सगळं आत्मिक आहे, शब्दशः घ्यायचं नाही. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, असले प्रश्न मुळात विचारूच नयेत. बाईंनी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. प्रश्न वहीत लिहून घेतले, प्रार्थना केली, वर्ग संपवला. त्यावर "बाईंना येत नाही" अशी कुजबुज झाली, पण घाईघाईत उत्तर दिलं असतं तर तिन्ही प्रश्नांना एकच मलम लागलं असतं.

समोर असलेले पर्याय

पुढच्या आठवड्यात बाई, पाळकसाहेब आणि मी बसलो.

विषय बंद करायचा, हा पहिला पर्याय. पाळकसाहेबांचा सुरुवातीचा कल तिकडेच होता. पंच कमिटीतून दोन फोन येऊन गेले होते. पण मुलगा घरी जाऊन इंटरनेटवर हेच शोधणार आणि मावशी कुणालाच काही विचारणार नाहीत, हे त्यांनाही पटलं.

दुसरा पर्याय तक्त्याचा. दोन वेगळे काळ, दोन वेगळ्या नगऱ्या, म्हणजे विरोधच नाही. सोपं आहे, आणि जगभर लाखो भाविक प्रामाणिकपणे असं वाचतात. त्यांची थट्टा करण्यात अर्थ नव्हता. पण तक्त्याची खरी अडचण यशयाच्या पासष्टाव्या अध्यायातच आहे. शंभर वर्षांच्या मरणाचं वचन विसावं, आणि तीनच वचनं आधी, सतराव्यात, नवं आकाश आणि नवी पृथ्वी. प्रकटीकरण २१ सुरू होतं ते याच शब्दांनी. तक्ता वाचवायचा तर सतरावं वचन एका खणात आणि विसावं दुसऱ्या खणात टाकावं लागतं, आणि मजकुरात तिथं कुठलाच सांधा दिसत नाही. अर्पणांचीही तशीच गत. त्या मंदिरातली अर्पणं नुसत्या स्मरणासाठी असतील, असं तक्त्याच्या बाजूनं सांगतात. यहेज्केल ४५ मात्र ती प्रायश्चित्तासाठी आहेत असं स्पष्ट म्हणतो. आणि इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय तर पापांची क्षमा झाल्यावर पापाबद्दल अर्पण उरत नाही असं सांगतो.

तिसरा पर्याय, सगळं आत्मिक. याला वाद कमी होतात. पण मग मोजणीसाहेबांच्या प्रश्नाला उत्तर नाही. इतकी मापं कशासाठी? आणि मावशींनी उद्या विचारलं की मरण नाही हेही नुसतं आत्मिकच का, तर काय सांगायचं?

चौथा पर्याय बाईंचा. जुळवाजुळव आधी करायचीच नाही. प्रत्येक उतारा कुणाला, कधी आणि कशा अवस्थेत सांगितला गेला ते पाहायचं. मग चारही उतारे शेजारी शेजारी ठेवून योहानानं काय घेतलं, काय बदललं, काय गाळलं ते शोधायचं. वेळ लागणार होता, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होईल याची हमी नव्हती.

पाळकसाहेबांना एक धीर जुन्या गोष्टींनी दिला. यहेज्केलाचं पुस्तक तोरेशी, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राशी, जुळत नाही ही तक्रार यहुदी परंपरेतही होतीच. उदाहरणार्थ, नव्या चंद्राच्या दिवशीच्या अर्पणात तोरेतल्या गणना २८ मध्ये दोन गोऱ्हे आणि सात कोकरं, यहेज्केल ४६ मध्ये एक गोऱ्हा आणि सहा कोकरं. तालमूद या यहुदी ग्रंथात सांगितलंय की हनन्या बेन हिज्किया नावाचा पंडित माडीवर बसला, दिव्यासाठी तीनशे रांजण तेल वर नेलं, आणि सगळं उलगडेपर्यंत तो उठला नाही. तो नसता तर ते पुस्तक बाजूला ठेवलं गेलं असतं. ख्रिस्ती मंडळीतला दाखला तिसऱ्या शतकातला. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) अर्सिनोए भागात हजार वर्षांच्या राज्यावरून गावंच्या गावं फुटली, तेव्हा आलेक्सांद्रियाचा बिशप दियोनिसियस तिथं गेला. खेड्यांतल्या वडीलजनांना घेऊन तो तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला, एकेक मुद्दा ऐकून घेतला. हे मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस यानं नोंदवलंय, आणि समोरच्या लोकांच्या शांतपणाचं आणि समजूतदारपणाचं दियोनिसियसनं केलेलं कौतुकही. पाळकसाहेब म्हणाले, "तीनशे रांजण तेल आपल्याकडे नाही, पण शुक्रवार भरपूर आहेत."

काय केलं

कमिटीनं एका अटीवर मान्यता दिली: वर्गात कुणाच्याही श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत. बाईंनी भिंतीवर ब्राउन पेपर चिकटवला, चार रकाने पाडले: यहेज्केल, जखऱ्या, यशया, प्रकटीकरण. वर फक्त काळ आणि माणसं. यहेज्केलाचं दर्शन यहुदी लोकांच्या बाबेलातल्या बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ५७३ च्या सुमारास. यरुशलेम आणि मंदिर पडून तेरा-चौदा वर्षं झालेली, ऐकणारे बाबेलात. जखऱ्या इ. स. पू. ५१९, लोक परतलेले पण तट पडलेलाच. यशयाचा शेवटचा भाग बहुतेक अभ्यासक परतीनंतरच्या हलाखीच्या काळाशी जोडतात. प्रकटीकरण बहुधा इ. स. ९५ च्या आसपास. रोमनांनी यरुशलेमेतलं दुसरं मंदिर इ. स. ७० मध्ये पाडलं, त्याला पंचवीसेक वर्षं झालेली.

मापांचा रकाना बाईंनी मोजणीसाहेबांकडे सोपवला. हा निर्णय मला तेव्हा थोडा धोक्याचा वाटला होता, कारण साहेब तक्त्याच्या बाजूचे होते. पण त्यांनी जे केलं त्यानं वर्गाचं वळणच बदललं.

पुढच्या शुक्रवारी ते आलेखाचा कागद घेऊन आले. एक सेंटिमीटरला हजार हात असं प्रमाण. यहेज्केल ४५ आणि ४८ वाचून त्यांनी पवित्र भागाचा पंचवीस सेंटिमीटरचा चौरस आखला. त्यात दहा-दहा सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, याजकांची आणि लेव्यांची (मंदिराच्या सेवकांची), आणि उरलेली पाच सेंटिमीटरची पट्टी नगराची. त्या पट्टीत साडेचार सेंटिमीटरचं नगर, भोवती अडीच-अडीच मिलिमीटरचं कुरण; बेरीज बरोबर पाच. "नकाशा बंद होतो," असं ते म्हणाले, आणि मोजणीच्या धंद्यातला माणूस हे कौतुकानं म्हणतो. मग याजकांच्या पट्टीत त्यांनी लाल पेन्सिलीनं अर्धा सेंटिमीटरचा एक ठिपक्याएवढा चौकोन काढला: पाचशे हात बाय पाचशे हात, पवित्रस्थानाचं आवार.

त्यांनी कागद फिरवून सगळ्यांना दाखवला. "बघा. मंदिर नगरात नाहीच. यहेज्केलच्या नगरातसुद्धा मंदिर नाही. ते वेगळ्या पट्टीत आहे."

वर्गात कुणालाच हे माहीत नव्हतं, तक्तेवाल्यांनाही नाही. प्रश्नाचा चेहराच पालटला. यहेज्केलाकडे पवित्र आणि सामान्य यांच्यात अंतर राखलेलं आहे. आधीच्या मंदिरात राजांनी आणि याजकांनी जे केलं त्यावरचा तो इलाज होता. त्रेचाळिसाव्या अध्यायात देव सांगतो की मंदिराचा हा आराखडा लोकांना दाखव, म्हणजे त्यांना आपल्या अधर्माची लाज वाटेल. मापांचं काम तिथं हे होतं.

मग प्रकटीकरणाचं माप. बारा हजार स्टाडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. दिल्ली ते कन्याकुमारी सरळ रेषेत जवळपास तेवढंच. लांबी तेवढी, रुंदी तेवढी आणि उंचीही तेवढीच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं, हे त्या पॉलिटेक्निकच्या मुलानं सांगितलं. तट १४४ हात, पासष्टेक मीटर. मोजणीसाहेब हसले: "दोन हजार दोनशे किलोमीटर उंच घराला पासष्ट मीटरचं कंपाउंड. हा नकाशा मी पास करणार नाही." आणि मग स्वतःच म्हणाले, की म्हणजे योहान इमारत सांगत नाही, तो आकडे बोलतोय, बारा गोत्रं, बारा प्रेषित, बारा गुणिले बारा.

लांबी, रुंदी, उंची समान असलेली दुसरी जागा शास्त्रात कुठली, असं बाईंनी विचारलं. उत्तर मागच्या बाकावरच्या एका गृहिणीनं १ राजे ६:२० उघडून दिलं: शलमोनाच्या मंदिराचा परमपवित्र गाभारा, वीस हात बाय वीस हात बाय वीस हात. योहानाची अख्खी नगरीच गाभारा आहे. यहेज्केलानं अर्ध्या सेंटिमीटरच्या आवारात जपून ठेवलेलं पावित्र्य तिथं सगळीकडे पसरलंय, म्हणून वेगळं मंदिर नाही. बाकीच्या खुणा मग भराभर सापडल्या. उंच डोंगरावर नेणं, मोजायची काठी, बारा वेशी, नदी, औषधी पानांचं झाड: योहानासमोर यहेज्केलाचं पुस्तक उघडं होतं हे कुणालाही दिसावं. फक्त नदी मंदिराच्या उंबऱ्याखालून न निघता राजासनापासून निघते.

तटाचा मुद्दा लवकर आटोपला. जखऱ्याच्या दर्शनात मोजणीला निघालेल्या तरुणाला निरोप पाठवला जातो, की माणसं आणि गुरं इतकी होतील की तट पुरणार नाही, यहोवा स्वतःच अग्नीचा तट होईल. तट पडलेल्या गावात हे सांगणं म्हणजे धीर देणं. प्रकटीकरणात तट आहे, पण वेशी कधीच बंद होत नाहीत, आणि हे वाक्य यशयाच्या साठाव्या अध्यायातून आलंय. "आमच्या खात्याच्या इतिहासात मोजणी थांबवायला देवदूत आलेला नाही," ही साहेबांची टिप्पणी.

मावशींचा प्रश्न बाईंनी वर्गात घ्यायचा नाही असं ठरवलं. पाळकसाहेब आणि बाई त्यांच्या घरी गेले. पासष्टावा अध्याय विसाव्या वचनावर न थांबता पुढे वाचला: ते घरं बांधतील आणि त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील आणि त्यांचं फळ खातील, एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं राहायचं, असं होणार नाही. मावशींचं माहेर धरणात गेलेलं. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. हा अध्याय कुणाशी बोलतोय ते त्यांनीच सांगितलं: ज्यांची पोरं लहानपणी जात होती आणि घरं दुसरे घेत होते, त्यांच्याशी. मग पाळकसाहेबांनी त्याच यशयाचा पंचविसावा अध्याय काढला, जिथं देव मरण कायमचं गिळून टाकतो आणि सगळ्यांच्या तोंडावरचे अश्रू पुसतो. प्रकटीकरण २१:४ या वचनावर उभं आहे. दोन्ही आशा यशयातच होत्या. योहानानं त्यांतली मोठी उचलली.

निष्पत्ती

एकमत झालं नाही. तक्ता मानणारी दोन कुटुंबं काही आठवडे वर्गाला आली नाहीत. रविवारी येत राहिली. त्यांतले एक गृहस्थ परतले ते आपला मुद्दा घेऊनच: आकडे बोलतात हे मान्य, पण म्हणून देव यरुशलेमेत काही करणारच नाही असं कसं? प्रश्न रास्त आहे आणि ब्राउन पेपरवर तो लिहिला गेला.

मोजणीसाहेबांनी तक्ता सोडला नाही, पण त्यातलं मंदिराचं चित्र खोडलं. पॉलिटेक्निकच्या मुलानं आपली यादी लांबवली. त्याचा नवा मुद्दा जास्त धारदार आहे: प्रकटीकरण २१:८ मध्ये खुनी आणि जादूटोणा करणारे अग्निसरोवरात गेलेले, तर २२:१५ मध्ये तेच लोक नगरीच्या बाहेर. बाईंनी त्यावर सांगितलं की दर्शनाचं चित्र वेळापत्रकासारखं एका ओळीत चालत नाही. आत-बाहेर ही भाषा वाचणाऱ्याला आज निवड करायला लावते. मुलाचं पूर्ण समाधान झालं नाही. तो येतो मात्र दर शुक्रवारी, आणि आधी येऊन सतरंज्या टाकतो.

मावशींनी यजमानांच्या वर्षश्राद्धाऐवजी घरी प्रार्थनासभा ठेवली, तेव्हा वाचन स्वतः निवडलं: यशया २५.

वेगळं काय करता आलं असतं

संजीवन सभांनंतर तो तक्ता मंडळीत तसाच सोडून दिला गेला, ही खरी चूक. प्रचारकांना बोलावलं कमिटीनं. त्यांनी काय शिकवलं ते वर्गात लगेच उघडून पाहिलं असतं तर तीन महिन्यांनी ते दोन गटांचं भांडण झालं नसतं. प्रचारकांना फोन करून त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून वर्गाला ऐकवावी, असं मी सुचवलं होतं. बाईंनी नको म्हटलं. वर्ग पुन्हा ऐकणाऱ्यांचा होईल, शोधणाऱ्यांचा राहणार नाही असं त्यांचं म्हणणं. मला अजूनही वाटतं की आलेखाचा कागद आखून झाल्यावर तरी बोलवायला हवं होतं.

मावशींच्या घरी जायला पंधरवडा लागला, तो उशीरच होता. शास्त्राचा गुंता आणि माणसाचं दुःख एकाच प्रश्नात आलं की दुःखाकडे आधी जायचं, हे पाळकसाहेबांना माहीत नव्हतं असं नाही. कमिटीच्या फोनांत दिवस गेले. अंत्यविधीत कुठलं वचन का वाचलं हे घरच्यांना नंतर बसून सांगायची पद्धत त्यांनी आता सुरू केली आहे.

आणि कमिटीची अट. श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत, हे ठीकच. पण त्या अटीमुळे पहिले दोन शुक्रवार सगळे इतके जपून बोलले की खरे मतभेद मागच्या दारात, चपला घालताना बाहेर पडत होते. अटीबरोबर एवढंही सांगायला हवं होतं की वचनाबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धेला नावं ठेवणं नव्हे.

वर्गाचं पुढचं वाचन जखऱ्या १४ ठरलंय. यरुशलेमेहून निघालेलं पाणी तिथं अर्धं पूर्वेच्या समुद्राकडे आणि अर्धं पश्चिमेच्या समुद्राकडे जातं, आणि मांडवांच्या सणाला न येणाऱ्या राष्ट्रांवर पाऊस पडणार नाही अशी ताकीद आहे. मिसरचं नाव घेऊन वेगळी ताकीद आहे. मोजणीसाहेबांनी आत्ताच विचारून ठेवलंय, की ज्या देशाची सगळी शेती नाईलवर चालते त्याला पावसाची भीती घालून काय उपयोग.